पाच रुपयांचा एकच फोटो

घरच्या घरी नाण्यांचे फोटो काढायला फार सामान लागत नाही. कॅमेरा शाबूत असलेला एक जुना मोबाइल, सारख्या उंचीचे पुस्तकांचे दोन ढीग, त्यांवर आडवी टाकायला फळी, अभ्यासाचे दोन एलईडी दिवे, मिठाईवाल्याकडचा बटर पेपर, नाणं टेकवायला खोडरबर आणि एक साधी काच. मोबाइल फळीच्या कडेवरून अर्धा बाहेर काढून पालथा ठेवायचा, म्हणजे कॅमेरा थेट खाली बघतो. काच नाण्याच्या वर तिरपी उभी करायची आणि दिवा बाजूने लावायचा. काचेवरून परतलेला उजेड सरळ नाण्यावर उतरतो आणि झिजलेली अक्षरंही वाचता येतात. बटर पेपर दिव्यापुढे धरला की चकाकी मरते. बटण बोटाने दाबलं तर मोबाइल हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावायचा. पंखा बंद, कूलर बंद. यवतमाळच्या एप्रिलमध्ये या स्वस्त सामानातली हीच एक महाग गोष्ट.

काच मी भिंतीवरच्या चौकटीतून काढली. चौकटीत उत्कृष्ट वार्तांकनाचं प्रमाणपत्र होतं. ते आता काचेविना कपाटावर पडलं आहे आणि त्याचा एक कोपरा झुरळांनी खाल्ला आहे.

एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी आधी थोडी वर्षं वार्ताहर होतो, मग सत्तावीस वर्षं इतरांच्या बातम्या नीट केल्या. निवृत्तीनंतर भंगारवाल्याकडून अधूनमधून घेतलेली तांब्याची, निकेलची नाणी एका बिस्किटांच्या डब्यात जमली होती. त्यांचे फोटो काढता काढता हात बसला. ही गोष्ट चार लोकांना कळली आणि माझ्या मोबाइलवर नाण्यांचे फोटो येऊ लागले. दूरचे नातेवाईक, जुने वार्ताहर, कॉलनीतला दूधवाला. सगळ्यांचा प्रश्न एकच: किती येतील? फोटोही एकसारखेच. मळका तळहात, नखांत हळद, मागे पलंगपोस आणि नाण्यावर राजाच्या चेहऱ्याऐवजी ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. तो तळहात बघून मला किळस यायची. त्याहून जास्त किळस त्या प्रश्नाची. तो प्रश्न त्यांना ज्या बातम्यांतून सुचला होता, त्यांतल्या काहींचे मथळे मी दिले होते. ‘तुमच्या घरात आहे का हे नाणं?’ शेवटच्या दोन वर्षांत आमच्या वेबसाइटला असले मथळे रोज लागायचे. बातमीत नाणं एक असायचं आणि सोबतच्या फोटोत दुसरंच. कोणीही तक्रार केली नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई महागावकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. लग्नानंतर यवतमाळला आल्या, नवरा गेला, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर. पत्नीला त्या ताई म्हणतात, मला भाऊ. सहा वर्षांत आमचं बोलणं पोळ्या किती, एवढ्यापुरतंच होतं. एका सकाळी त्या जेवणाच्या टेबलापाशी थांबल्या. टेबलावर माझा सगळा संसार मांडलेला होता.

“भाऊ, हे काय ऑपरेशन करून राह्यले?”

“नाण्यांचे फोटो काढतोय.”

“पाहू?”

मी मोबाइल दाखवला. पडद्यावर एक भोकाचा पैसा तळहाताएवढा झाला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“याच्यात तं बारीक ओरखडाबी दिसते.”

“तेवढ्यासाठीच तर हे सगळं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक फडकं आणलं आणि फडक्यातून एक हार काढला. चांदीचे अकरा रुपये, प्रत्येकाला वर कडी, काळ्या दोऱ्यात ओवलेले. आईचा हार होता. बाई आईला याडी म्हणत. याडी गेल्यानंतर तिन्ही बहिणींनी तो वाटून घेतला नव्हता. ज्या घरात लग्न असेल त्या घरी तो जायचा. आता थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि चार-पाच कड्या झिजून तुटायला आल्या होत्या. तांड्याजवळच्या कारागिराचे डोळे गेले होते, म्हणून काम यवतमाळच्या सोनाराकडे द्यायचं ठरलं. जबाबदारी बाईंवर आली.

“सोनाराले द्यायच्या आंधी याचे फोटो काढून द्या, भाऊ. अकराचे अकरा. दोन्ही बाजूंनं. छापा बी आन काटा बी.”

“कशाला?”

“कायले म्हंजे? उद्या बहिनी म्हनतीन, शहरात राह्यते, बदलून आनले हिनं रुपये. मी काय दाखवू? तोंड?”

मग त्यांनी हाराच्या मधला रुपया वर केला आणि उलटा करून अंगठा त्याच्या पाठीवर ठेवला.

“हे मधातले पाच हायेत ना, हे सारे एकसारखे. एकाच राजाचे. त्यातला हा. याच्यावर इळ्याचा घाव हाय. याडी ज्वारी कापून राह्यली होती, पाय सरकला, इळा गळ्यावर आला. हा रुपया मधात होता. याडी म्हने, हा नसता तं तुमी तिघी नसत्या. मी तवा पोटातबी नव्हती. हा गेला तं बहिनी मले घरात घेनार नाही.”

मी हो हो म्हणालो. वार्ताहर असताना ज्याचं म्हणणं बातमीत घ्यायचं नसतं त्याला मी असंच हो हो म्हणत असे.

“सारे डाग साफ दिसले पायजे, भाऊ,” असं सांगून त्या कणीक मळायला गेल्या.

डाग म्हणजे दागिना. घरात किती डाग आहेत, मोडायला कोणता डाग काढला, असं आपल्याकडे बाया सर्रास बोलतात. साफ म्हणजे स्पष्ट, हे हिंदीतून आलेलं. ‘प्रत्येक नग स्पष्ट दिसला पाहिजे,’ एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. सत्तावीस वर्षं शब्दांच्या चुका काढणाऱ्या माणसाला तो कळायला हरकत नव्हती. पण माझं लक्ष हाराकडे होतं आणि हार घाण होता.

घाण म्हणजे किती, ते नोंदवणं भाग आहे. दोरा तेलाने आणि घामाने ताठ झाला होता. प्रत्येक कडीच्या मुळाशी मेणासारखा काळा थर होता. अक्षरांच्या खाचांत कुंकू बसून तपकिरी झालं होतं. राजाच्या कानात आणि दाढीत कशाचा तरी चिकट गोळा होता. हार उचलला तेव्हा माझ्या बोटांना वास लागला: खोबरेल, धूर आणि कोणाच्या तरी मानेचा. मी बोटं दोनदा साबणाने धुतली. वास गेला नाही, किंवा गेलेला मला पटला नाही. दुपारी जेवताना पोळी मोडली आणि तो वास पुन्हा आला. त्या बोटांनी मी जेवण अर्धवट सोडलं.

जुनं नाणं कधीही घासू नये, हा या छंदातला पहिला नियम. तो मला माहीत होता. मी स्वतःला समजावलं की हे नाणं नाही, दागिना आहे. आणि बाईच म्हणाल्या की डाग साफ करा. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. मला जे हवं होतं ते मी ऐकलं.

बाई गेल्यावर मी दोरा कात्रीने कापला. तसाही तो बदलायचाच होता. अकराही रुपये स्टीलच्या पातेल्यात टाकले, वर गरम पाणी, कपड्यांची पावडर, खायचा सोडा. पाच मिनिटांत पाण्यावर करडी साय आली. तिच्यात कुंकवाचे लाल कण आणि केस होते. एक लांब पांढरा केसही होता. मी ते पाणी मोरीत ओतलं आणि तिकडे न बघता नळ सोडला. मग जुना टूथब्रश आणि पांढरं दंतमंजन घेऊन एकेक रुपया घासला. खाचा मोकळ्या झाल्या, काळेपणा निघाला. पत्नी मागून येऊन उभी राहिली.

“त्यांना विचारलं होतं का?”

“त्यांनीच सांगितलंय.”

“तो ब्रश आता परत बेसिनवर ठेवू नका म्हणजे झालं,” ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी चार वाजता मी पंखा बंद केला आणि कामाला लागलो. बाहेर त्रेचाळीस अंश तरी असावेत. मिनिटभरात मानेवरून घाम ओघळला. एक थेंब काचेवर पडला, ती पुसून पुन्हा तिरपी बसवावी लागली. सहा रुपये वेगवेगळे होते. दोन राणीछाप, चार निरनिराळ्या सालांचे राजाछाप. त्यांचे छापे आणि काटे मिळून बारा फोटो नीट आले. उरलेले पाच एकाच राजाचे, एकाच सालाचे. ते मी ओळीने ठेवले आणि विळ्याच्या घावाचा रुपया शोधू लागलो.

सकाळी बाईंनी दाखवला तेव्हा तो घाव काळा होता. काळ्या मळाने भरलेला, म्हणून दिसणारा. आता पाचही रुपये सारखे पांढरे होते आणि पाचांवरही ओरखडे होते. दोऱ्यातली जागा मी कात्रीने संपवली होती. एकाच्या पाठीवर वेलबुट्टीतून गेलेली एक तिरकी रेघ जरा ठसठशीत वाटली. हाच, असं मी ठरवलं. त्याचा छापा काढला, काटा काढला. दोन्ही उत्तम आले.

तेवढ्यात लाइन गेली.

दिवे विझले. पंखा बंदच होता, आता कूलर लावायचीही सोय राहिली नाही. मी वीस मिनिटं थांबलो. बनियन अंगाला चिकटलं होतं. उरलेले चार रुपये समोर होते आणि मला त्यांना परत हात लावायचा नव्हता. ते आता स्वच्छ होते, तरीही नको होता.

वर्तमानपत्रात याला फाईल फोटो म्हणतात. कापूस खरेदीची बातमी आली की कापसाच्या ढिगाचा फोटो लागतो. तो ढीग कोणत्या वर्षाचा, कोणत्या बाजारातला, ते कोणी विचारत नाही. ढीग ढिगासारखा असतो. आमच्या कार्यालयात एका बैलगाडीने चौदा वर्षं कापूस आणला. त्यातला एक बैल मेल्याचं मला व्यक्तिशः माहीत होतं. एकाच राजाचे, एकाच सालाचे, एकाच साच्यातले पाच रुपये. मी एका रुपयाच्या दोन फोटोंच्या चार-चार प्रती केल्या आणि त्यांना क्रमांक दिले. अकरा छापे, अकरा काटे, बावीस चौकटी. संध्याकाळी बाईंच्या मोबाइलवर पाठवून दिले. सुबक काम होतं.

सकाळी बाई आल्या त्या मोबाइल हातात धरूनच.

“भाऊ, हा कोनाचा हार हाय?”

“तुमचाच. स्वच्छ केलाय. तुम्हीच म्हणालात ना, डाग साफ—”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्नीने पुढे केलेल्या वाटीतला एकेक रुपया उचलला, उलटा केला, अंगठा फिरवला, खाली ठेवला. अकराव्यापर्यंत गेल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं; दोन-तीन रुपयांवर अंगठा जरा अडकल्यासारखा झाला, पण नक्की होईना.

“याडीचा वास होता याच्यात,” त्या म्हणाल्या.

 त्या वासाबद्दल माझं मत वेगळं होतं.

त्यांनी मोबाइलवर थोरल्या बहिणीचा निरोप लावला. खणखणीत आवाज आला: “शहराच्या पान्यानं हारबी गोरा झाला का ओ? आपला घावाचा रुपया कोनता त्याच्यातला, ते सांग.”

“कोनता, भाऊ?”

मी चौथ्या क्रमांकाचा फोटो मोठा केला आणि रेघ दाखवली. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. “हा इतका लहान नव्हता,” म्हणाल्या. मळ निघाला की तसं दिसतं, असं मी सांगितलं. फोटोत सगळं आहे, काळजी करू नका, असंही सांगितलं. फोटोवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी रुपये फडक्यात बांधले आणि त्याच दिवशी सोनाराकडे दिले.

आठ दिवसांनी हार आला. नव्या कड्या, नवा दोरा, आणि मशीनवर पॉलिश केलेले रुपये आरशासारखे. बाईंनी तो आमच्या टेबलावर पसरला आणि पुन्हा अंगठा फिरवायला लागल्या. या वेळी एकदाच फिरवला.

“नाही यात.”

“नीट बघा.”

“घासून घाव उथळ होईन, भाऊ, जाईन कसा? बोट अडकत होतं त्याच्यात. हात फिरवत फिरवत मोठी झाली मी. नाही यात.”

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दोष द्यायला एक सोनार मिळाला होता. त्याने खरा रुपया ठेवून घेतला आणि दुसरा अडकवला, हे मी तिथेच ठरवलं. मजकूर मनात तयार झाला होता. मी शर्ट बदलला आणि बाईंसोबत निघालो.

सराफा ओळीतलं ते एक अरुंद दुकान. काउंटरच्या काचेवर बोटांचे ठसे एकावर एक साचलेले, कोपऱ्यात पंख्याखाली तेलकट धुळीची झालर, भिंतीला टेकलेल्या उशीवर डोक्याच्या आकाराचा काळा गोल. सोनार पन्नाशीचा, बनियनवर, कानाला भिंग अडकवलेला. मी आधी स्वतःची ओळख दिली. कोणत्या दैनिकात होतो ते सांगितलं. ही जुनी सवय. समोरचा माणूस सरळ होतो.

तो सरळ झाला नाही. “या, बसा साहेब. च्या सांगू?”

“यातला एक रुपया बदललाय,” मी म्हणालो.

“कोनता?”

“विळ्याचा घाव होता तो.”

त्याने हार तराजूत टाकला. वजन रुपये देताना भरलं होतं तेवढंच होतं, वर नव्या कड्यांचं. मग तो बाईंकडे वळला. “मावशी, तुमी रुपये आनले तवाच ते घासेल होते. मी तवाच म्हनलं ना, कोनं घासले म्हनून? घासलेल्या चांदीवर मी अजून मशीन मारली. बारीक घाव असंन तं गेला असंन.”

“बारीक नव्हता तो.”

“आता मले घेतानी तं काही दिसला नाही.”

“आमच्याकडे फोटो आहेत,” मी म्हणालो. “तुमच्याकडे देण्याच्या आधीचे. दोन्ही बाजूंचे.” मोबाइल मी काउंटरवर ठेवला. तो ठेवताना मला जे समाधान वाटलं, ते आठवलं की आजही किळस येते.

“मंग तं चांगलंच हाय. पेपरवाले तुमी, तुमाले माहीतच असन, पुरावा लागते.”

त्याने भिंग डोळ्याला लावलं, मग हसून काढून ठेवलं. पडद्यावर भिंग कशाला, दोन बोटांनी फोटो मोठा होतो. चौथा पाहिला. बोट सरकवलं, पाचवा पाहिला. सहावा. परत चौथ्यावर आला. मी त्याच्या नखांकडे बघत होतो. त्यांत चांदीचा काळा भुगा होता.

“साहेब,” तो म्हणाला, “चारवर ही तिरपी रेघ हाय.”

“तोच घाव.”

“पाचवर बी हाय. तिथंच.”

त्याने बोट पुढे सरकवलं.

“सहावर बी. सातवर बी. आठवर बी. आन हे पाहा, कडीपाशी आमच्या डाकाचा, म्हंजे झाळकामाचा, कसा बोंगा, गोळा राह्यला हाय, जुन्या मानसानं झाळेल. पाचीच्या पाची कड्याले तोच बोंगा, त्याच बाजूले.” त्याने मोबाइल माझ्याकडे फिरवला. “जुळे भाऊ असले तरी तीळ एकाच जागी नसते ना, साहेब. हे पाच रुपये नाहीत. हा एकच रुपया हाय, पाच डाव.”

सोनाराने कान टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात. टोचताना तो आवाज चढवत नाही.

बाईंनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. त्यांनीही बोट सरकवलं: चार, पाच, सहा, सात, आठ. त्यांना वाचता येत नाही, पण हे वाचायला अक्षरं लागत नव्हती.

“बाकीच्या चौघांचे कुठं हायेत, भाऊ?”

“काढले नाहीत.”

“काहून?”

“लाइन गेली होती.”

“मंग आली नाही का ते?”

आली होती. साडेपाचला. मी कूलर लावून झोपलो होतो.

सोनाराने घावाचा रुपया बदलला की मशीनवर घाव गेला, हे मला आजही माहीत नाही. कदाचित त्याने बदलला. त्याचा चेहरा बदलणाऱ्याचा होता, असं मी तेव्हा म्हटलं असतं. पण चेहऱ्यावरून लिहिलेल्या बातम्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एवढं नक्की की घाव मळाने भरून ठेवला होता तोवर तो रुपया अकरांत ओळखता येत होता. मळ मी काढला. दोरा मी कापला. आणि फोटो, ज्याच्यासाठी बाईंनी हार माझ्या हाती दिला, तो मी काढलाच नाही. सोनार चोर असेल तर त्याच्या सुटकेची कागदपत्रं मी तयार केली होती, क्रमांक घालून.

त्याने चहा मागवला होता. बाईंनी घेतला नाही. मी घेतला, नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

बसस्टँडवर महागावची गाडी लागायला अवकाश होता. बाई त्याच दिवशी निघणार होत्या. लग्न चार दिवसांवर होतं. बाकावर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या होत्या, आम्ही उभेच राहिलो. मी म्हणालो, तुमच्या बहिणीशी मी बोलतो. त्यांनी फोन लावला, स्पीकर केला आणि माझ्यापुढे धरला. 

“नमस्कार,” मी म्हणालो. “हारासंदर्भात बोलायचं होतं. छायाचित्रं घेण्यापूर्वी हार स्वच्छ करण्यात आला. त्या प्रक्रियेत नाण्यांचा क्रम बदलला गेला. तसंच छायाचित्रांमध्ये काही त्रुटी राहून गेल्या आहेत. त्यामुळे एका नाण्याची ओळख पटू शकलेली नाही.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“हे रेडिओ कायले लावला वं तू?” थोरल्या बहिणीचा आवाज आला. “कोन बोलून राह्यलं?”

“ते भाऊ,” बाई म्हणाल्या. “मी पोळ्या करते ना, त्या घरचे.”

“मंग भाऊ, सरळ बोला ना. ‘केला गेला, राहून गेला’ काय करून राह्यले? आपोआप तं काही होत नाही. कोनं केलं?”

“मी,” मी म्हणालो.

“काय?”

“हार मी धुतला. न विचारता. दोरा मी कापला. पाच रुपयांचे फोटो काढायचे होते, एकाचाच काढला आणि पाच ठिकाणी लावला. यांना यातलं काही माहीत नव्हतं. घावाचा रुपया यांच्यामुळे गेला नाही.”

“मंग हिनं नाही बदलला?”

“नाही.”

“किरिया घेता? देवाची शपत?”

“घेतो.”

 मग ती बहिणीशी त्यांच्या बोलीत बोलू लागली. बाईंनी स्पीकर बंद केला नाही. याडी हा एक शब्द मला कळत होता, तो तीन-चारदा आला. बोलणं लांबलं. एकदा बाईंनी पदराने नाक पुसलं आणि शेवटी थोरली माझ्यासाठी मराठीत म्हणाली, “ठीक हाय. हार घेऊन ये. दहाच ओवू, घावाच्या रुपयाची जागा खाली ठेवू. तुह्यावर आळ नाही.” फोन बंद झाला.

बाईंनी हार फडक्यात बांधला, फडकं पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकायला धावले. त्या सावकाश निघाल्या.

“मध्ये काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“काही नाही.”

“सांगा.”

“इचारत होती, मानूस शिकेल हाय का म्हनून.”

“मग?”

“मी म्हनलं हो, लय शिकेल हाय. पेपरात होता.” त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि दांडी धरली. “मंग ते म्हने, तरीच.”